पहिल्या घडाची फणी

चारुलतानं डोक्यावरची टोपली उतरवून कमरेवर घेतली, तसा पिकल्या केळ्यांचा वास सरळ तिच्या नाकात शिरला. सकाळी गाडीत तो नुसता गोड वाटला होता. आता ऊन चढलं होतं आणि त्या गोडव्याला धार आली होती.

"खाली टेकवू नको," मागून लताबाईंचा आवाज आला.

"नाही टेकवत, आई. मान मोकळी करतेय फक्त."

"मान दुखत असंन तं थांबू घडीभर. पन टेकवायची नाई."

सासूबाई साठीला आल्या होत्या, पण चढावर अशा चालत होत्या की अंगणातून गोठ्याकडे निघाल्यात असं वाटावं. दमली होती ती सून. आणि ती चढानं दमली नव्हती. पायथ्यापासून प्रत्येक झुडपाजवळ तिचे कान आधी पुढे जात होते आणि पाय मागून. कुठं काही गुणगुणलं की ती खिळल्यासारखी उभी राहायची. दोनदा भुंगा निघाला, एकदा नवऱ्याच्या मोबाइलमधलं गाणं.

खांबाईच्या डोंगरावर पहिल्या घडाची फणी न्यायची, ही चौधरींच्या घरची जुनी रीत. मृगात लावलेल्या बागेतला जो घड पहिला कापला जाईल, त्याची वरची फणी घरात पिकत घालायची. पिवळीधमक झाली की नव्या टोपलीत केळीच्याच पानावर मांडायची, आणि घरच्या सुनेनं ती डोक्यावरून वर न्यायची. वाटेत टोपली जमिनीला लागता कामा नये, आणि देवीच्या आधी त्यातलं केळं कुणाच्या तोंडी जाता कामा नये. अर्धा प्रसाद वर वाटायचा, अर्धा घरी आणून गावात. लताबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून टोपली त्यांच्याच डोक्यावर होती. मग बागेवर रोग पडला, उभी झाडं उपटून बांधावर टाकावी लागली, आणि दोन वर्षं डोंगराकडे कुणी फिरकलंच नाही. यंदा बाग तरारून आली. तेव्हा लताबाईंनी जमलेल्या भाऊबंदांसमोर टोपली सुनेच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आता तू." चारचौघांत दिलेला मान परत कसा करायचा, हे चारुलताला ठाऊक नव्हतं. तिनं टोपली घेतली.

सासरे, जीवराम नाना, गुडघ्यांमुळे खाली पाड्यावरच गाडीपाशी बसले होते. नवरा पुढं मोबाइल उंच धरून चालला होता. जितेंद्रचं फैजपूरला ठिबक सिंचनाचं दुकान होतं, धंदा बरा होता, पण अलीकडे रस्त्यात जे दिसेल त्याला 'पॉइंट' म्हणायची सवय त्याला लागली होती. ओढ्यानं दगडावरून उडी घेतली की तो धबधबा पॉइंट. कड्याच्या टोकाशी चार माणसं उभी राहतील एवढी जागा दिसली की तो व्ह्यू पॉइंट. हा अख्खा डोंगर कधीकाळच्या लाव्हारसाचा आहे, असं त्यानं कुठंसं वाचलं होतं, आणि सकाळपासून ते तो मोबाइलला समजावून सांगत होता.

"मित्रांनो, आपण ज्या दगडावर पाय देतोय, तो एके काळी आगीसारखा वाहत होता."

"व्हाऊ दे बापा," लताबाई म्हणाल्या. "आता थिजला ना? मंग चाल."

तसं पाहिलं तर त्याची चूक नव्हती. दिवाळी होऊन गेली होती, पाऊस सरला होता, पण डोंगरानं अजून पाणी सोडलं नव्हतं. काळ्या पायऱ्या-पायऱ्यांच्या दगडावरून एक बारीक धार खाली येत होती आणि तिच्या दोन्ही अंगांना नेच्यांची हिरवी झालर होती. सागाच्या पानांतून ऊन गाळून येत होतं. गवत पिकून पिवळं झालं होतं, आणि मधूनच एखादं कुंभ्याचं झाड त्यात एकटं उभं असायचं. दुसऱ्या कुठल्या दिवशी चारुलतानंही फोटो काढले असते. आज तिला गवत दिसलं की त्यात काय असेल हे आधी दिसत होतं.

याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी बागेत वाळलेली पानं कापताना एका पानाखालची गांधीलमाशी तिच्या मानेला डसली. एकच. आधी अंगावर पित्त उठलं, मग ओठ सुजले, मग घसा आतून मिटत गेला आणि श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला न घेता तिलाच सांगितलं, की पुन्हा माशी चावली, मग ती गांधील असो की मधाची, तर इतका वेळ मिळेलच असं नाही. तेव्हापासून तिच्या पर्समध्ये गोळ्या असायच्या. त्या गोळ्या दवाखान्यात पोचेपर्यंतच्या, असं डॉक्टर म्हणाले होते. या डोंगरावरून दवाखाना किती लांब, याचा हिशेब ती पायथ्यापासून करत होती आणि दर वळणाला तो वाढत होता.

घरात मात्र त्या प्रकाराची गोष्ट झाली होती, आणि ती लताबाई सांगायच्या. पाहुणे आले की म्हणायच्या, "आमच्या चारूले माशी चावली होती ना, तं अख्खं गाव गाडीत बसून गेलं होतं." पाहुणे हसायचे. चारुलताही हसायची, कारण न हसणं वाईट दिसलं असतं. पण त्यानंतर ती बागेत गेली नाही. दुपारी घर झोपलं की मोबाइलवर माश्यांविषयी वाचत बसायची. माणूस ज्याला भितो त्याचीच माहिती गोळा करत राहतो, आणि माहितीनं भीती कमी होत नाही, तिला नावं मिळतात फक्त.

सगळ्यांच्या पुढं काठी टेकत दगडीबाई चालली होती. पायथ्याच्या पाड्यावरची बाई. नवऱ्याची पावसावरची थोडी जमीन, बाकी मोहफुलं, चारोळी, डिंक यांवर घर चालायचं, आणि देवीला जाणारे कुणी आले की वाट दाखवायला ती सोबत यायची. बोलकी होती. कुठल्या झाडाला अस्वलानं ओरबाडलंय, कुठल्या दगडावर तिच्या नणंदेचा पाय मुरगळला, सगळं सांगत चालली होती.

मग झाडी संपली आणि खांब दिसले.

डोंगराचा वरचा सगळा माथा त्या खांबांचा होता. काळे, सरळ, कडा धरलेले, एकाला एक चिकटून उभे. केळीच्या बागेत ओळीनं खांब उभे असतात, तसेच, फक्त दगडाचे आणि चार मजले उंच. जीवराम नाना म्हणायचे, देवीनं बाग आधी इथं लावली, मग आपल्या पणजोबाला कंद दिले. जितेंद्रनं मोबाइल वर केला आणि तसाच धरून ठेवला. त्याला याला कुठला पॉइंट म्हणावं हे सुचलं नसावं.

वाट त्या खांबांच्या पोटातून आडवी जात होती. वर पुढं झुकलेला कडा, खाली दरी, मध्ये एका माणसाला जाता येईल एवढी कपार. तिच्या तोंडाशी दगडीबाई थांबली. तिनं हात वर केला आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणला.

"आते पुढे बोलानं नही. मोबाइल बंद करा. वर आग्यामोहोळ शे."

चारुलतानं वर पाहिलं. कड्याच्या पोटाला काळी सुपं टांगल्यासारखं काहीतरी होतं, एक, दोन, मग ओळीनं पुष्कळ. तिला वाटलं, दगडच. तेवढ्यात एका सुपावरून चकाकती लाट वरून खाली सरकली आणि विरली. ते जिवंत होतं.

टोपली छातीशी धरून ती दोन पावलं मागं सरकली आणि लताबाईंना धडकली.

"इथं कधीपासून?" लताबाईंनी दगडीबाईला विचारलं. त्यांचाही आवाज आपोआप खाली आला होता. "पह्यले तं त्या अंगाले राहायच्या."

"औंदा आठे बठन्यात. पन काही करतस नही. बठ्ठ्या झोपेल शेतस. आपन गुपचूप चालानं, वर देखानं नही."

"दुसरी वाट?" चारुलतानं विचारलं.

"नही."

"कधी कुणाला चावल्या नाहीत?"

दगडीबाईनं काठीनं जमिनीवर रेघ ओढली. "हाई यात्राले एक जनले डसन्यात. नवस फेडाले येल व्हता. देवीना कोप, दुसरं काय."

"काय होतं त्याच्या हातात?"

"परसाद व्हता."

"कशाचा?"

"ते काय ध्यान नही माले."

चारुलतानं टोपलीत पाहिलं. पानावर फणी सोन्यासारखी पिवळी पडली होती, सालीवर तपकिरी ठिपके उमटायला लागले होते. वास इतका दाट होता की तिनं तोंड बाजूला केलं. आता बोललं पाहिजे, हे तिला कळत होतं. बोललं की काय होईल, तेही कळत होतं. आणखी एक गोष्ट तयार होईल, पाहुण्यांना सांगायला.

"आई," ती म्हणाली, "ही केळी घेऊन खालून जायला नको."

"काऊन?"

"माशीला धोका वाटला की ती एक वास सोडते. बाकीच्या मग त्या वासावर धावून येतात. तो वास पिकलेल्या केळ्यासारखा असतो. मी वाचलंय. मधमाश्या पाळणारे पेटीजवळ केळं खातसुद्धा नाहीत."

जितेंद्रनं मोबाइल खिशात टाकला आणि आईकडे पाहिलं. लताबाई हसल्या, पण आवाज न करता.

"केयाच्या वासानं माश्या चावल्या असत्या, तं आपल्या गावात एक मानूस जित्ता रायला नसता."

"तिथं आग्यामोहोळ नाही, आई."

"केया तं बठ्ठाच लई येतस आठे," दगडीबाई मध्येच म्हणाली, आणि केळी तर इथं सगळेच आणतात हे सांगून आपण कुणाच्या बाजूनं बोललो ते तिचं तिलाच कळेना म्हणून दरीकडे बघायला लागली.

"तुले आता वास येऊ रायला?" लताबाईंनी सुनेला विचारलं.

"सकाळपासून येतोय. डोकं दुखतंय त्यानं."

लताबाईंनी टोपलीवर वाकून श्वास ओढला. पुन्हा ओढला. "मले तं काहीच येत नाई."

त्या खोटं बोलत नव्हत्या. माहेर केळीत, सासर केळीत, घरात बाराही महिने कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यात घड पिकत घातलेला. ज्या वासात जन्म गेला तो त्यांच्या नाकाला वास म्हणून उरलाच नव्हता. जितेंद्रनंही वाकून हुंगलं आणि खांदे उडवले. चारुलता दीपनगरच्या वसाहतीत वाढलेली, वडील वीज केंद्रात. तिच्या लहानपणाला कोळशाच्या धुळीचा वास होता. केळ्यांचा वास तिला अजून यायचा.

"माले येस," दगडीबाई हळूच म्हणाली. "लई येस."

"मग इथंच झाडाला टांगू या का?" जितेंद्रनं विचारलं. "येताना..."

"देवीचं अर्ध्या वाटंत टांगायचं? आन वर जाऊन काय दाखवायचं, हात?"

"तर मग मी येत नाही," चारुलता म्हणाली.

असं ती या घरात पहिल्यांदा बोलली होती. भीती माश्यांची जास्त की सासूची, हे तिला सांगता आलं नसतं. लताबाईंनी तिच्याकडे पाहिलं. नेहमीसारखं वरपासून खालपर्यंत नाही. फक्त तोंडाकडे, ओठांकडे. मग हात पुढे केला.

"आन इकडं ती टोपली."

"आई, मी घेतो," जितेंद्र म्हणाला.

"बायकाईनं न्यायची रीत हाये." टोपली कमरेवर घेऊन त्यांनी पदर वरून ओढला, चारी बाजूंनी दाबून बसवला आणि एका हातानं तो गच्च धरून ठेवला. "तुम्ही तिघं व्हा पुढे. वळनाच्या पार जा. तिकडून दगडीबाईनं काठी दाखवली का मंग मी निघते. चारू, हात धुय आधी."

चारुलतानं बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले. मातीनं घासून पुन्हा धुतले. तरी वास राहिला की काय, हे तिला कळेना, कारण आता नाकात तो वास घर करून बसला होता.

दगडीबाई पुढं, मध्ये चारुलता, मागं जितेंद्र, अशी ती तिघं कपारीत शिरली.

आत सावली होती आणि आवाज होता. बाहेरून तो ऐकू आला नव्हता. मोठा नव्हताच तो. भिंतीपलीकडे पिठाची गिरणी चालू असावी असा, सतत, एका सुरात, दगडातून पायात चढणारा. वर पाहायचं नाही असं सांगितलं होतं, आणि चारुलता पाहत नव्हती, पण वर काय आहे ते तिच्या डोक्याच्या कातडीला कळत होतं. उजव्या हाताला खांबांचा गार दगड, डाव्या हाताला काही नाही. दरीत खूप खाली पळसाच्या शेंड्यांवरून एक घार फिरत होती, आणि घारीची पाठ वरून दिसणं किती चमत्कारिक असतं, असा एक विचार तिच्या मनात येऊन गेला. मग तिच्या मनगटावर काहीतरी उतरलं.

ती थांबली. मागून जितेंद्र थांबला.

माशी मोठी होती, घरच्या माशीच्या दुप्पट, पोट लांबट. ती बांगडीपर्यंत चालत गेली, बांगडीवर चढली, खाली उतरली. चारुलताला आपला श्वास थांबवायचा होता, पण तो तिच्या हाती राहिला नव्हता. नाकपुड्या आपोआप फुलत होत्या. आपण इथं, या दगडाशी, सगळ्यांच्या देखत मरणार, आणि आपली मुलगी शाळेतून घरी आल्यावर तिला कुणीतरी शेजारीण हे सांगणार, एवढं तिला स्वच्छ दिसलं. माशीनं पंख पुसले. मग ती उडाली, आणि तिच्या जागी मनगटावर फक्त गुदगुली उरली.

दगडीबाईनं वळून पाहिलं नव्हतं. चारुलता पुन्हा चालायला लागली. वळण आलं, ऊन आलं, पायाखाली रुंद जागा आली, आणि तिथं ती मटकन खाली बसली. जितेंद्रनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचा हातही ओला होता.

दगडीबाईनं काठी उंच धरली. पलीकडून लताबाई निघाल्या.

वळणावरून अख्खी कपार दिसत होती. काळ्या कड्याखाली एक बुटकी बाई, अंगावर गुलाबी पातळ, कमरेवर पदरानं झाकलेली टोपली. बरोबर मधोमध आल्यावर त्या थांबल्या. सुनेनं माशी पाहिली होती ती जागा तीच असावी. त्या वर पाहत नव्हत्या, खाली पाहत नव्हत्या. नुसत्या उभ्या होत्या, पदर धरलेला हात तसाच टोपलीच्या तोंडावर दाबलेला.

"काय झालं?" जितेंद्र पुटपुटला. दगडीबाईनं त्याला बोटानं गप्प केलं.

चक्कर आली असेल, चारुलताला वाटलं. दरीला भ्यायल्या. आणि भीतीच्या तळाशी तिला जरासं बरंही वाटलं, की कळू दे त्यांनाही, भीती कशी असते ती. असं वाटल्याची तिला लाज वाटली, तरी ते वाटलं खरं.

लताबाई बऱ्याच वेळानं हलल्या. एक पाऊल, मग थांबणं, मग दुसरं. वरच्या एका सुपावरून लाट गेली, शेजारच्या सुपावरून तिला उत्तर दिल्यासारखी दुसरी गेली. चारुलतानं तोंडावर पदर दाबून धरला. लताबाई वळणाशी पोचल्या तेव्हा त्यांचा चेहरा घामानं निथळत होता आणि खालचा ओठ दातांखाली होता.

"आई?" जितेंद्रनं टोपलीला हात घातला.

"राहू दे. दम लागला. चाला वर, आठी थांबू नका." आणि पदराखालचा हात तसाच पदराखाली ठेवून त्या सगळ्यांच्या पुढं निघाल्या.

वर माथा सपाट होता. एक खांब इतरांपासून सुटा, माणसाच्या उंचीचा, शेंदरानं लाल झालेला, ती खांबाई. पुढं दगडाच्या खोलगटात पावसाचं पाणी साठलेलं आणि बाजूला धुनीची जुनी राख. चारी बाजूंनी सगळं उघडं होतं. खाली सातपुड्याची सावली संपायची तिथून केळीचं हिरवं सुरू होत होतं, पट्ट्यापट्ट्यांनी, तापीच्या चकाकत्या रेघेपर्यंत. त्याच्याही पलीकडे, धुरकटात, दीपनगरच्या चिमण्या दिसत होत्या, आणि त्यांचा धूर सरळ वर चालला होता. चारुलताला त्या ओळखू आल्या. वसाहतीत त्यांच्या पत्र्याच्या पाण्याच्या टाकीवरून याच डोंगरांची रांग निळी दिसायची, आणि तिला लहानपणी तिथं जावंसं वाटायचं. आता त्याच डोंगरावर बसून तिला त्या चिमण्यांकडे जावंसं वाटत होतं. आणि जायला वाट एकच होती, कपारीतली.

जितेंद्रनं मोबाइल बाहेर काढला, समोर धरला आणि परत खिशात ठेवला.

लताबाईंनी डाव्या हातानं टोपली देवीसमोर टेकवली. डाव्या हातानं हळदकुंकू वाहिलं, हे दगडीबाईला खटकलं. तिनं भुवया उंचावल्या. फणी वाहून झाल्यावर अर्धी परत टोपलीत ठेवायची असते. लताबाईंनी ठेवली नाही. त्यांनी केळी सोडवून एकेक सगळ्यांच्या हातात दिली.

"खा. दगडीबाई, तुम्ही दोन घ्या. उरलं ते त्या माकडाईले टाका."

कड्यावर वानरांचा एक कळप मघापासून अंदाज घेत बसला होता.

"घर नही लई जाती?" दगडीबाईनं विचारलं.

"नाई."

"आई, नानांना प्रसाद? आणि गावात..." जितेंद्र म्हणाला.

"नानाले मी सांगीन. गावालेही सांगीन. सालं तिकडं लांब, त्या अंगाच्या कड्यावरून फेका. टोपली आठीच राह्यन. पानही." मग त्या चारुलताकडे वळल्या. "तू खाऊ नको. तू हातच लावू नको."

इतक्या वर्षांची रीत बाई अशी उभ्या उभ्या मोडत होती, आणि तीही अशा आवाजात की दुकानात सामानाची यादी सांगावी. सगळ्यांचं खाऊन झाल्यावर लताबाईंनी जितेंद्रला आणि दगडीबाईला खोलगटातल्या पाण्यानं हात, तोंड, हनुवटी धुवायला लावली, राखेनं घासायला लावलं आणि पुन्हा धुवायला लावलं. स्वतः त्यांनी पदराचं टोक पाण्यात बुडवून पिळलं, राख चोळली, परत बुडवलं. सगळं एका हातानं. मग त्या सुनेजवळ आल्या आणि तिच्यासमोर खाली बसल्या.

"आमच्या नाकाले काही कयत नाई," त्या म्हणाल्या. "तू हुंगून सांग, गेला का वास."

आणि त्यांनी पदराखालचा उजवा हात बाहेर काढून चारुलताच्या नाकासमोर धरला.

तो हात चारुलताला ओळखूच आला नाही. बोटं सुजून एकमेकांना चिकटली होती. बांगड्या मनगटाच्या मांसात रुतल्या होत्या. पंजाच्या पाठीवर लाल गांधी उठल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या मधोमध काळं कुसळ तसंच होतं.

"कधी?" तिनं विचारलं, जरी तिला माहीत होतं.

"मंधात. पदरातून."

"ओरडला नाहीत."

"वरडली असती तं सर्व्या उठल्या असत्या. हात झटकला असता तरी उठल्या असत्या." लताबाईंनी दरीकडे पाहिलं. "तू तठी वळनावरच बसेल होती."

चारुलतानं तो हात मांडीवर घेतला आणि नखानं, आडव्या अंगानं, एकेक कुसळ खरवडून काढायला लागली. चिमटीत धरायचं नाही, हेही तिनं वाचलेलं होतं.

"त्या दिवशी गाडीत," लताबाई मध्येच म्हणाल्या, "तुहं डोकं माह्या मांडीवर होतं. तुहे ओठ काये पडले होते. मी पाह्यलं ना. मले इतकं भेव वाटलं, का मंग मी हासूनच सांगत रायली सर्व्याइले. ते जाऊ दे. वास गेला का, ते सांग पह्यले. आपल्याले परत जायचं हाये."

चारुलतानं तो सुजलेला पंजा दोन्ही हातांत उचलला, नाकाशी नेला आणि डोळे मिटून श्वास ओढला. राखेचा वास होता, घामाचा होता. त्याखाली तो होताच, गोड, धार असलेला. केळ्यांचा असेल, डंखांचा असेल. दोन्ही सारखेच, आणि तिला ते वेगळे करता येईनात. तिनं डोळे उघडले तेव्हा लताबाई तिच्या तोंडाकडे पाहत होत्या, डॉक्टर काय सांगतात याची वाट पाहावी तसं.

"नाही गेला, आई," ती म्हणाली.

लताबाईंनी मान हलवली आणि डाव्या हातानं राखेकडे सरकायला लागल्या. चारुलतानं त्यांना बसवलं. स्वतः उठून ओंजळभर राख आणली, पाणी आणलं, आणि सुजलेली बोटं सांभाळत तो हात पहिल्यापासून धुवायला सुरुवात केली.